ल्यूपस आणि मायलिनचा ऱ्हास

पंचवीस-तीस वर्षे वयाची एखादी स्त्री सांधेदुखी, अधूनमधून येणारा बारीक ताप, उन्हात गेल्यावर दोन्ही गालांवर उमटणारा लालसर चट्टा आणि गळणारे केस अशी गाऱ्हाणी घेऊन वर्ष-दोन वर्षे निरनिराळ्या डॉक्टरांकडे जात राहते. पुढे अकस्मात तिच्या एका डोळ्याची दृष्टी मंदावते. किंवा पायांना मुंग्या येऊ लागतात, कमरेभोवती पट्टा आवळून बांधल्यासारखे वाटते, लघवी अडते आणि चार-पाच दिवसांत उभे राहणेही अशक्य होते. दिल्लीसारख्या महानगरातील मोठ्या रुग्णालयात अशा रुग्णापुढे दोन दारे असतात. एका दाराआड संधिविकारांचे तज्ज्ञ बसतात, दुसऱ्या दाराआड मज्जाविकारांचे. पहिले म्हणतील, हा ल्यूपस आहे आणि तो आता मज्जारज्जूपर्यंत पोचला आहे. दुसरे म्हणतील, ही मज्जातंतूंवरील आवरण नष्ट करणारी स्वतंत्र व्याधी आहे, आणि सांधेदुखी हा निराळा भाग आहे. यांपैकी खरे कोणाचे, हा वाद केवळ नावापुरता नाही. औषधाची निवड त्यावर अवलंबून असते, आणि एका व्याधीवर गुणकारी ठरणारे औषध दुसरीत घातक ठरू शकते.

प्रथम ल्यूपसविषयी. हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ लांडगा असा आहे. चेहऱ्याचे मांस लांडग्याने कुरतडल्यासारखे दिसते, म्हणून मध्ययुगीन यूरोपातील वैद्यांनी त्वचेच्या अनेक भिन्न रोगांना हे एकच नाव देऊन टाकले होते. त्यांपैकी एक प्रकार वस्तुतः त्वचेचा क्षयरोग होता, आणि त्याला आजही ‘ल्यूपस व्हल्गॅरिस’ असेच म्हणतात. जुन्या ग्रंथांत ल्यूपस हा शब्द भेटला म्हणजे तो कोणत्या अर्थाने आला आहे, हे आधी पाहावे लागते. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ काझनाव्ह यांनी १८५१ साली लाल चट्ट्यांचा एक प्रकार वेगळा काढला. व्हिएन्नाचे कापोसी यांनी १८७२ साली दाखवून दिले, की या रोगात त्वचेबरोबर ताप, सांध्यांची सूज आणि शरीरातील अन्य अवयवांचे विकारही असू शकतात. त्यानंतर १८९५ ते १९०४ या काळात विल्यम ऑस्लर यांनी मूत्रपिंड, हृदय आणि मेंदू यांनाही हा रोग ग्रासतो, असे आपल्या रुग्णांच्या आधारे लिहिले. त्वचेचा म्हणून ओळखला गेलेला रोग सर्व शरीराचा आहे, ही जाणीव अशा रीतीने हळूहळू झाली.

त्याचे खरे स्वरूप समजण्यास आणखी अर्धे शतक लागले. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज व त्यांच्या सहकाऱ्यांना ल्यूपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विलक्षण पेशी आढळली. ती एक पांढरी रक्तपेशी होती आणि तिने दुसऱ्या एका पेशीचे केंद्र गिळलेले होते. ज्या पेशींनी जंतू गिळावयाचे त्याच स्वतःच्या शरीरातील पेशींची केंद्रे गिळत आहेत, याचा अर्थ काय लावावयाचा? १९५७ च्या सुमारास उत्तर मिळाले. ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तात पेशीकेंद्राविरुद्ध प्रतिपिंडे असतात. प्रतिपिंड म्हणजे परक्या जंतूला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन. परके आणि आपले यांतील भेद ओळखण्याची शक्ती हा सर्व प्रतिकारव्यवस्थेचा पाया होय. तोच जेथे ढासळतो त्या रोगांना स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. ल्यूपसमध्ये प्रतिपिंडांचा रोख पेशीकेंद्रावर असतो, आणि केंद्र तर शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. त्यामुळे हा रोग कोठे उमटेल याचा नेम नसतो.

याउलट काही स्वयंप्रतिकार विकारांचे लक्ष्य अगदी नेमके असते. मज्जासंस्थेच्या बाबतीत ते लक्ष्य बहुधा मायलिन हे असते. मज्जातंतू हा विजेच्या तारेसारखा मानला, तर मायलिन हे तिच्यावरील वेष्टन होय. फिर्खो यांनी १८५४ साली त्याला हे नाव दिले. मात्र तारेची उपमा फार ताणता येत नाही, कारण हे वेष्टन अखंड नसते. थोड्याथोड्या अंतरावर त्यात खंड असतात आणि मज्जासंदेश एका खंडावरून दुसऱ्या खंडावर उडी घेत पुढे जातो. यामुळेच वेष्टित तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंतच्या वेगाने जाऊ शकतो. उघड्या बारीक तंतूत तो वेग जेमतेम एक मीटर असतो. वेष्टन झिजले, की संदेश मंदावतो, वाटेत थबकतो किंवा अजिबात पोचत नाही. हे दृष्टीच्या तंतूत घडले तर अंधत्व येते, आणि मज्जारज्जूत घडले तर पाय लुळे पडतात. वेष्टन पुन्हा काही अंशी भरून येऊ शकते, आणि म्हणून अशा रुग्णांत काही आठवड्यांनी सुधारणाही दिसते. परंतु प्रत्येक तडाख्यानंतर काहीतरी कायमचे गमावलेले असते.

प्रतिकारव्यवस्था स्वतःच्याच मायलिनवर उलटू शकते, याचा एक पुरावा भारतात पिढ्यान्‌पिढ्या समोर होता. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावयाची सात ते चौदा इंजेक्शने आजच्या वयस्क वाचकांना आठवत असतील. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौली येथे सिद्ध केली. ती मेंढ्यांच्या मेंदूत वाढविलेल्या व नंतर निष्प्राण केलेल्या विषाणूंची होती. तिने असंख्य प्राण वाचविले. तथापि लशीबरोबर मेंढीच्या मेंदूतील मायलिनही टोचले जाई, आणि काही थोड्या लोकांत त्याविरुद्ध उठलेला प्रतिकार त्यांच्या स्वतःच्या मेंदूवर व मज्जारज्जूवर जाऊन आदळे. कुत्र्याच्या चाव्यातून वाचलेला माणूस लशीमुळे पंगू होई. यामागील कारण टॉमस रिव्हर्स यांनी १९३३ साली माकडांवरील प्रयोगांत उलगडले. सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचल्यावर, कोणताही जंतू नसताना, माकडांच्या मेंदूतील मायलिन नष्ट झाले. भारतात या लशीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबविण्यात आले. स्वयंप्रतिकार ही कल्पना वैद्यकात रुळण्यापूर्वीच तिचे उदाहरण गावोगावच्या दवाखान्यांत घडत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मायलिनचा ऱ्हास करणाऱ्या व्याधींत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. शार्को यांनी १८६८ साली तिचे वर्णन केले. ती थंड प्रदेशांतील गौरवर्णीयांत अधिक दिसते. भारतात ती विरळ असली तरी नगण्य नाही. मुंबई परिसरातील रुग्णांचा आढावा सिंघल आणि वाडिया यांनी १९७५ साली प्रसिद्ध केला. पारशी समाजात तिचे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा ठळकपणे जास्त आहे, हेही मुंबई व पुणे येथील पाहणीतून पुढे १९९० साली वाडिया यांनी दाखविले. दुसरी व्याधी म्हणजे देव्हिक यांचा रोग. फ्रान्समधील लिआँ येथील देव्हिक आणि त्यांचे विद्यार्थी गो यांनी १८९४ साली तिचे वर्णन केले. तीत दृष्टीचे तंतू आणि मज्जारज्जू या दोनच ठिकाणी घाला पडतो, पण तो फार तीव्र असतो. पुढे कितीतरी वर्षे हा मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक उग्र प्रकार समजला जाई. जपानात आणि भारतात हा ‘प्रकार’ पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त का दिसतो, याचे कोडे सुटत नव्हते.

आता या दोन धाग्यांची गाठ कोठे पडते ते पाहू. १९७२ साली इंग्लंडमधील फुलफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही रुग्णांचे वर्णन केले, ज्यांचा आजार मल्टिपल स्क्लेरोसिससारखा दिसत होता, परंतु ज्यांच्या रक्तात ल्यूपसची चिन्हे होती. अशा रुग्णांसाठी ‘ल्यूपॉइड स्क्लेरोसिस’ हा शब्द रूढ झाला. हा शब्द सोयीचा खरा. पण त्याने प्रश्न सुटण्याऐवजी झाकला गेला. ल्यूपसच मायलिन खातो आहे, की दोन रोग एकाच देहात शेजारी नांदत आहेत, याविषयी तो मौन पाळतो. १९८३ साली लंडनचे ग्रॅहॅम ह्यूज यांनी आणखी एक शक्यता पुढे आणली. ल्यूपसच्या काही रुग्णांत रक्त गोठविणारी प्रतिपिंडे असतात. त्यांच्यामुळे मेंदूतील व मज्जारज्जूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि त्यातून होणारी इजा वरवर मायलिनच्या ऱ्हासासारखी दिसते. म्हणजे दोन नव्हे, तीन शक्यता झाल्या. १९९९ साली अमेरिकेतील संधिविकारतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने ल्यूपसमधील मज्जासंस्थेच्या व मनाच्या विकारांचे एकोणीस प्रकार ठरवून दिले. मायलिनऱ्हास हा त्यांपैकी एक, मज्जारज्जूचा दाह हा दुसरा, आणि हातापायांतील तंतूंचे मायलिन झपाट्याने नष्ट करणारा गीयाँ-बारे विकार हा आणखी एक. या यादीने बोलण्यातील गोंधळ कमी झाला. कारणाचे गूढ होते तेथेच राहिले.

भारतात ल्यूपसकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले होते. हा पाश्चात्त्यांचा रोग, असा एक समज होता. हा समज दूर करण्याचे मोठे श्रेय दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. ए. एन. मालवीय आणि त्यांचे सहकारी यांना द्यावे लागेल. उत्तर भारतातील ३२९ रुग्णांचा त्यांचा आढावा १९८८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात मोठ्या संख्येने रुग्ण येतात हे त्यातून दिसले. पण समाजात हा रोग किती, हे रुग्णालयात बसून कळत नाही. त्यासाठी बल्लभगढ उपयोगी पडले. मुंबईहून मथुरेमार्गे दिल्लीला जाणाऱ्या प्रवाशाला फरीदाबादच्या थोडे अलीकडे हे स्थानक लागते. आयुर्विज्ञान संस्थेने १९६५ सालापासून येथील खेड्यांत आरोग्यसेवेचा प्रकल्प चालविला आहे, आणि त्यामुळे तेथील लोकसंख्येची नीट नोंद उपलब्ध होती. मालवीय व सहकाऱ्यांनी येथील सुमारे ९२ हजार लोकसंख्येत ल्यूपसचा शोध घेतला आणि १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रमाण निघाले दर लाखास ३.२, म्हणजे एवढ्या मोठ्या लोकवस्तीत जेमतेम तीन रुग्ण. पाश्चात्त्य देशांतील आकडे याच्या कित्येक पट आहेत. एवढ्या थोड्या रुग्णांवरून काढलेला आकडा खाली-वर होऊ शकतो, आणि जे रुग्ण निदानापूर्वीच दगावले ते कोणत्याच पाहणीत येत नाहीत, हे ध्यानात ठेवूनही या आकड्याचे मोल कमी होत नाही.

या आकड्याचा एक अनपेक्षित उपयोग आहे. देव्हिक रोगाचे प्रमाण मंगळूर शहरात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाखास अडीच ते तीनच्या दरम्यान आढळले. सोयीसाठी दोन्ही रोगांचे प्रमाण लाखात तीन धरू. दोन्ही रोग जर एकमेकांशी काही संबंध न ठेवता केवळ योगायोगाने एका व्यक्तीत येत असतील, तर तशी व्यक्ती सापडण्याचा संभव दहा अब्जांत नऊ इतका पडेल. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या आसपास धरली, तर सबंध देशात अशी एखाद-दुसरी व्यक्ती असावयास हवी. प्रत्यक्षात वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची वर्णने डझनांनी आढळतात. अर्थात हा हिशेब ढोबळ आहे. दोन्ही रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे नऊ पट अधिक होतात, आणि तेही बहुधा तरुण अथवा मध्यम वयात; म्हणून त्या वर्गापुरता योगायोगाचा संभव काही पटींनी वाढतो. शिवाय दोन रोगांनी ग्रासलेली व्यक्ती एका रोगाच्या रुग्णापेक्षा मोठ्या रुग्णालयात पोचण्याची शक्यता अधिक, त्यामुळे तेथे गाठभेट फुगून दिसते. या दोन्ही सवलती दिल्या तरी तफावत भरून निघत नाही. संबंध काहीतरी आहे. तो कसला, एवढाच प्रश्न उरतो.

उत्तराचा पहिला मोठा भाग २००४ साली मिळाला. मेयो क्लिनिकमधील व्हँडा लेनन यांच्या गटाने देव्हिक रोगाच्या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड शोधून काढले. ज्यांना जपानात मल्टिपल स्क्लेरोसिसचा दृष्टी-मज्जारज्जू प्रकार म्हणत, त्यांच्यापैकी अनेकांत ते होते. नेहमीच्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मात्र नव्हते. दोन रोग वेगळे असल्याचा निवाडा रक्तानेच दिला, असे म्हणता येईल. पुढच्याच वर्षी त्या प्रतिपिंडाचे लक्ष्यही सापडले. ते अॅक्वापोरिन-४ नावाचे प्रथिन होते. पेशींच्या आवरणातून पाणी ये-जा करण्याचे सूक्ष्म दरवाजे अशा प्रथिनांचे असतात. या दरवाजांच्या शोधाबद्दल पीटर अॅग्री यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. अॅक्वापोरिन-४ मायलिनवर नसते. मज्जासंस्थेतील ज्या ताराकार पेशी रक्तवाहिन्यांना लपेटून असतात व मज्जातंतूंचे पोषण पाहतात, त्यांच्यावर ते असते. घाला पडतो तो या पेशींवर. त्या मेल्यावर मायलिन त्यांच्यामागून जाते. काटेकोरपणे पाहता देव्हिक रोगाला मायलिननाशक म्हणणे थोडे सैल आहे, पण जुने वर्गीकरण एकदा रुजले की सहसा उपटले जात नाही.

आता ल्यूपसकडे परत येऊ. २००८ साली पिटॉक, लेनन आणि सहकाऱ्यांनी ल्यूपस व तत्सम विकार असलेल्या रुग्णांचे रक्त या प्रतिपिंडासाठी तपासले. ज्यांना दृष्टीचा वा मज्जारज्जूचा दाह झाला होता, त्यांच्यापैकी पुष्कळांत ते सापडले. ज्यांना केवळ ल्यूपस होता, मज्जासंस्थेचा असा विकार नव्हता, त्यांच्यापैकी एकाही व्यक्तीत ते सापडले नाही. ल्यूपसच्या असंख्य प्रतिपिंडांपैकीच हे एक असते, तर ते इतर रुग्णांतही कमीअधिक प्रमाणात दिसावयास हवे होते. ते दिसले नाही. तेव्हा बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत ‘ल्यूपस मज्जारज्जूपर्यंत पोचला’ हे विधान सोडून द्यावे लागते. तेथे दोन रोग एकत्र असतात. २०१५ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनीही हेच मान्य केले; ल्यूपस असल्यामुळे देव्हिक रोगाचे निदान बाद होत नाही, असा त्यांचा आशय आहे. अर्थात हा नियम सर्वांना लागू नाही. प्रतिपिंड नसलेले, रक्त गोठण्यामुळे इजा झालेले, किंवा ल्यूपसच्या दाहानेच मज्जारज्जू सुजलेले रुग्णही आहेतच.

दोन रोग स्वतंत्र असूनही ते इतक्या वेळा एकत्र का येतात, यावर आनुवंशिकतेने बराच प्रकाश टाकला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हे प्रतिपिंड असलेल्या रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची तपासणी केली गेली. त्यांची आनुवंशिक प्रवृत्ती मल्टिपल स्क्लेरोसिसपेक्षा ल्यूपसशी अधिक जुळते, असे त्यात आढळले. लक्षणांवरून ज्या रोगाला शंभर वर्षे एका घराण्यात बसविले होते, तो वंशाने दुसऱ्या घराण्याचा निघाला. एकाच जमिनीत दोन झाडे उगवावीत तसे हे आहे. एक झाड दुसऱ्याची फांदी नव्हे. जमीन म्हणजे पारख हरपलेली प्रतिकारव्यवस्था. बी कोणते, याविषयी मात्र अजून तर्कच आहेत. एप्स्टाइन-बार विषाणूकडे अनेक वर्षे बोट दाखविले जात होते. १९९७ साली तरुण ल्यूपस रुग्णांत त्याच्या संसर्गाची खूण जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे दिसले, आणि २०२२ साली अमेरिकी सैनिकांच्या दीर्घ नोंदींवरून मल्टिपल स्क्लेरोसिसचा संभव त्या संसर्गानंतर बत्तीस पटींनी वाढतो, असे निघाले. परंतु भारतात हा विषाणू बहुतेक सर्व मुलांना लहानपणीच गाठतो. म्हणजे त्याने अनेकांना स्पर्श केला, पण फळ थोड्यांनाच आले. एकट्या विषाणूवर सर्व भार टाकता येणार नाही.

या सर्व विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व औषधाच्या वेळी कळते. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण इंटरफेरॉनचे आहे. विषाणूंशी लढताना शरीर इंटरफेरॉन निर्माण करते. १९७९ साली ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रमाणाबाहेर असल्याचे दिसून आले, आणि हा रोग धगधगत ठेवण्यात त्याचा वाटा मोठा आहे, हे नंतर स्पष्ट झाले. २०२१ साली ल्यूपससाठी अमेरिकेत मंजूर झालेले अनिफ्रोलुमॅब हे औषध इंटरफेरॉनची वाट अडवूनच काम करते. दुसरीकडे, बीटा-इंटरफेरॉन हे मल्टिपल स्क्लेरोसिसवरील प्रमुख औषध म्हणून १९९३ पासून वापरले जात आहे. जो पदार्थ एका रोगात थोपवावयाचा, तोच दुसऱ्यात टोचून द्यावयाचा! देव्हिक रोगात बीटा-इंटरफेरॉन दिल्याने रोग उफाळतो, हे अनुभवाने कळले. ल्यूपसशी असलेल्या नात्याचा तो आणखी एक पुरावा समजावयास हवा. आरंभीच्या त्या तरुण स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिसची चिठ्ठी चिकटवून हे औषध सुरू केले, तर तिचे दोन्ही रोग एकाच वेळी भडकू शकतात. सांध्यांच्या दाहावर वापरल्या जाणाऱ्या टीएनएफरोधक औषधांची गोष्टही विचार करावयास लावणारी आहे. ती घेणाऱ्या काही थोड्या रुग्णांत ल्यूपससारखा विकार उद्भवतो, तर काहींत मायलिनचा ऱ्हास. एकच किल्ली दोन्ही कुलपांना लागावी, असे हे दृश्य आहे.

दिल्ली व तिच्या भोवतालच्या प्रदेशात निदानाच्या वाटेत काही स्थानिक अडथळेही असतात. त्यांतील सर्वांत मोठा म्हणजे क्षयरोग. ताप, वजन घटणे, छातीत पाणी होणे ही ल्यूपसची लक्षणे क्षयाचीही आहेत, आणि पाय लुळे पडले तर मणक्याच्या क्षयाची शंका येथे सर्वप्रथम येते. ती यावी हे योग्यच आहे. मात्र पुरावा नसताना क्षयाची औषधे सुरू झाली, तर बहुमोल आठवडे निघून जातात. त्या औषधांपैकी एथँब्युटॉलने दृष्टीच्या तंतूंना इजा होऊ शकते; ल्यूपसमध्ये नेहमी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने दीर्घ वापरानंतर डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो. म्हणून ल्यूपसच्या रुग्णाची दृष्टी कमी झाल्यावर ‘औषधाचा परिणाम’ म्हणून थांबून चालत नाही. औषधाने होणारी हानी सावकाश व बहुधा दोन्ही डोळ्यांत होते. दाहाची हानी काही तासांत वा दिवसांत होते, बऱ्याचदा एका डोळ्यात, आणि डोळा हलविताना दुखतो. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत पुष्कळ आढळते आणि तीही मज्जारज्जूला दुबळे करते. ती साध्या रक्ततपासणीने कळते आणि स्वस्तात बरी होते, म्हणून तिचा विसर पडू नये.

शोध घेण्याची साधने आता हाताशी आहेत. एमआरआय तपासणीत मज्जारज्जूवरील डाग तीन किंवा अधिक मणक्यांच्या उंचीइतका लांब दिसला, तर मल्टिपल स्क्लेरोसिसपेक्षा देव्हिक रोगाचा संशय बळावतो. अॅक्वापोरिनविरोधी प्रतिपिंडाची तपासणी, रक्त गोठविणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी आणि मायलिनच्याच एमओजी नामक प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाची तपासणी, अशा तिन्ही एकत्र केल्या म्हणजे वर सांगितलेल्या शक्यतांची बरीच वाटणी होते. तीव्र झटक्यात मात्र अहवालाची वाट पाहत बसणे परवडत नाही. स्टेरॉइड शिरेतून मोठ्या मात्रेत दिले जाते. तेवढ्याने भागले नाही तर रक्तद्रव बदलून त्यातील प्रतिपिंडे काढून टाकावी लागतात, आणि हे जितके लवकर होईल तितकी दृष्टी व चाल परत मिळण्याची आशा अधिक. झटका ओसरल्यावर पुन्हा येऊ नये म्हणून वर्षानुवर्षे प्रतिकार दडपणारी औषधे घ्यावी लागतात. येथे एक दिलाशाची गोष्ट आहे. अॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट आणि रिटुक्सिमॅब ही औषधे ल्यूपस व देव्हिक रोग या दोहोंतही वापरली जातात, त्यामुळे दोन रोगांसाठी दोन परस्परविरोधी उपचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. २०१९ नंतर देव्हिक रोगासाठी खास अशी काही औषधे परदेशांत मंजूर झाली आहेत. परंतु त्यांची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची आहे. रिटुक्सिमॅबची देशी आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली बाजारात आणली, आणि येथील पुष्कळ रुग्णांचा उपचार व्यवहारात तिच्यासारख्या औषधांवरच उभा आहे.

उरतो तो एक छोटा, पण अवघड वर्ग. ल्यूपस निश्चित आहे, मेंदूत मल्टिपल स्क्लेरोसिसला शोभणारे लहान लहान डाग आहेत, आणि वरील तिन्ही प्रतिपिंडांपैकी एकही नाही, असे काही रुग्ण असतात. १९७२ सालचा ‘ल्यूपॉइड स्क्लेरोसिस’ हा शब्द आज खऱ्या अर्थाने त्यांच्यापुरताच उरला आहे. त्यांना इंटरफेरॉन दिले जात नाही. ल्यूपसचे उपचार चालू ठेवून ठराविक काळाने एमआरआय पुन्हा काढले जाते, आणि नवा डाग उमटला की काय, एवढेच दोन्ही दारांआडचे तज्ज्ञ मिळून पाहतात.